फुलपाण्याची बाटली

"शिजवतंय! तुझं ते यंत्र माझी फुलं शिजवतंय! ये, हात लावून बघ. कडेची सगळी पिवळी पडलीत."

"आजी, फुलं कालची आहेत. कालची फुलं आज पिवळी पडणारच."

"मला शिकवतेस? साठ वर्षं अर्क काढतेय मी. तुझा बाप रांगतही नव्हता तेव्हापासून."

"मग साठ वर्षांत एखादं पिवळं फूल पाहिलं असशीलच की."

स्वयंपाकघरात सलूहाचे दोन्ही हात रव्यात होते. पहिल्या वाफेचा कुसकुस तिने परातीत ओतला होता आणि ती गुठळ्या मोडत होती. बोटं भाजत होती, पण थांबून चालत नाही. गुठळी गार झाली की हट्टाला पेटते. भांडण तिला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. आणि त्या दोघींच्या वर चढणारा तिसरा आवाजही. लॅपटॉपच्या पंख्यांचा. पिठाची गिरणी चिरक्या आवाजात चालावी तसा.

मागची खोली घरातली एकमेव गार खोली. खिडक्या उत्तरेला, त्याही झडपा ओढून बंद केलेल्या. जमिनीवर पांढऱ्या चादरी आणि चादरींवर कडू संत्र्याची बारा किलो फुलं, एकावर एक न पडतील अशी पसरलेली. एप्रिलमध्ये नाबल गावातल्या प्रत्येक घरात अशी एक खोली फुलांना द्यावी लागते. या घरात त्याच खोलीच्या कोपऱ्यात, तिपाईवर, सलूहाच्या मुलीचा, इमनाचा, लॅपटॉप होता. इतर कुठल्याही खोलीत तो दहा मिनिटांत बंद पडायचा. इथे बावीस मिनिटं टिकायचा.

"सत्त्याण्णव अंश," इमना आईला ओरडून म्हणाली. "गेला! परत गेला! उम्मी, बावीस मिनिटंसुद्धा नाही!"

पंखे थांबले. घरभर एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत सासूबाईंचं, तुर्कियाचं, वाक्य फार मोठं ऐकू आलं.

"देव पावला."

"पावला? उद्या परीक्षा आहे माझी!"

परीक्षा म्हणजे चार तासांची. राजधानीत, तूनिसला, एक कंपनी होती, चित्रपटांसाठी हलती चित्रं बनवणारी. तिने दोनशे अर्जांतून नऊ जण निवडले होते आणि त्यांत इमना होती. शनिवारी सकाळी नऊ ते एक. पडद्यावर एक माणूस जिना चढताना करून दाखवायचा. ज्याचं यंत्र मध्येच बंद पडेल, तो बाद. लॅपटॉप खेळांसाठी बनवलेला, जड, ताकदवान. फ्रान्सहून आलेल्या मामेभावाने तीन वर्षं बदडून मग इमनाला दिलेला.

न्हाणीघरातून मुनसिफ बाहेर आला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. शाळेच्या बसवर ड्रायव्हर असल्यामुळे पन्नास पोरांच्या वर आवाज काढायची त्याला सवय होती.

"शुक्रवार आहे आज! माणसाला नमाजला जायच्या आधी पाच मिनिटं शांततेची मिळतील की नाही? मी येताना रमजीला सांगून येतो. जेवण झालं की यंत्र त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात. विषय संपला."

"रमजीकडे मी देणार नाही, बाबा. त्याच्या दुकानातल्यांनी आमच्या वर्गातल्या मुलीच्या फोनमधले फोटो काढून घेतले होते. सगळ्या गावाला माहितीये."

"मग?"

"मग तूनिसला जाऊ दे मला. त्यांच्या ऑफिसात बसून दिली तरी चालते. चार वाजायच्या आत कळवायचं, बस."

"तूनिस नाही." मुनसिफने वस्तरा इमनाकडे रोखला आणि मग स्वतःच दचकून खाली घेतला. "घरून काम आहे म्हणालीस म्हणून मी हो म्हटलं. आज परीक्षेला ऑफिसात, उद्या मीटिंगला, परवा तिथेच भाड्याची खोली. मला पुढचं सगळं दिसतं."

"बाबा, तासाभराचा रस्ता आहे!"

"रस्ता मला माहितीये. रस्त्याचं बोलतच नाहीये मी."

सलूहाने हात पुसले आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"मी उघडते."

"काय उघडतेस?"

"लॅपटॉप. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमध्ये एक पेस्ट असते, ती उष्णता पुढे ढकलते. ती सुकलीय. म्हणून आत तापतंय आणि पंखे बोंबलतायत. इमनाने नवी पेस्ट आणून ठेवलीय."

मुनसिफ हसला. वाईट माणूस नव्हता तो, पण हसला. "अगं, तो काय मिक्सर आहे?"

"एकोणीस वर्षं मी बोर्ड तपासले, मुनसिफ. मिक्सर नाही तपासले."

हे खरं होतं आणि घरात कुणी आठवण काढत नसे. गावाबाहेरच्या कारखान्यात गाड्यांसाठी सर्किट बोर्ड बनायचे. सलूहा बाविसाव्या वर्षी लागली ती सोल्डरचे टाके घालणाऱ्या रांगेत, आणि सहा वर्षांत तपासणीच्या टेबलावर पोचली. भिंगाच्या दिव्याखाली बोर्ड धरायचा, उलटायचा, आणि ठीक असेल तर एक्केचाळीस नंबरचा शिक्का मारायचा. दोन वर्षांपूर्वी मालकांनी कारखाना दुसऱ्या देशात हलवला. तेव्हापासून ती घरी होती आणि घरातल्या सगळ्यांना ती नेहमीच घरी होती असं वाटू लागलं होतं.

"बिघडलं तर?" मुनसिफने विचारलं.

"आत्ता काय चांगलं चाललंय?"

त्याने इमनाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि उरलेली दाढी करायला आत गेला. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत झालं तर झालं. नाहीतर रमजी."

सव्वाबाराला तो बाहेर पडला. सलूहाने कुसकुस दुसऱ्या वाफेला लावला, गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघरातलं टेबल पुसून त्यावर धुतलेली चादर अंथरली. नळाला हात लावला, म्हणजे अंगात साठलेली वीज निघून जावी. अंड्यांचा रिकामा ट्रे शेजारी घेतला. लॅपटॉप पालथा घालून एकेक स्क्रू काढला आणि तो जिथून निघाला त्या क्रमाने ट्रेच्या खळग्यात ठेवला. अकरा. त्यातले दोन लांब. खालचं झाकण नखाने कडेकडेने सोडवलं, आणि पहिल्यांदा बॅटरीची वायर काढली.

"ती का काढलीस?" इमनाने विचारलं.

"झोपलेल्या माणसाची नस तपासायची असली तरी आधी त्याच्या हातातली सुरी काढून घ्यावी."

पंख्यांच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला होता. सलूहाने तो चिमटीने उचलला तर अखंड निघाला. तुर्किया दारात उभी राहून बघत होती. फुलांवरचा राग अजून तोंडावर होता, पण पाय निघत नव्हता.

"हे तर तांबं आहे," ती म्हणाली.

"हो, लेल्ला," सलूहा सासूबाईंना आदराने म्हणाली. "खालची उष्णता या नळ्यांतून पंख्यापाशी जाते."

"माझ्या भांड्यासारखंच की. त्याच्या डोक्यावरचं गार पाणी बदलत नाही राहिलं, तर अर्क करपतो. इथे पाणी कुठे घालायचं?"

"इथे पाणी नाही. नुसता वारा."

"मग ओरडणारच बिचारं," तुर्किया म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

तांब्याच्या पट्टीवर सात स्क्रू होते, प्रत्येकाशेजारी छापलेला आकडा. सलूहाने ते सातपासून एककडे, थोडे थोडे करत सैल केले. पट्टी निघेना. तिने ओढली नाही. अंगठ्यांनी किंचित पीळ दिला, डावीकडे, उजवीकडे. 'चट्' असा आवाज झाला आणि इमनाने डोळे मिटले. पट्टी हातात आली. खाली प्रोसेसरवर जुनी पेस्ट होती. भेगाळलेली, राखाडी, उन्हात वाळलेल्या कच्च्या मातीसारखी. मध्ये तर नव्हतीच. सगळी कडेला पळाली होती.

"बघ, मधोमध कोरडं. म्हणून सत्त्याण्णव. इमना, ओट्याखालची तपकिरी बाटली दे."

ती बाटली कारखान्यातून आलेली. शेवटच्या दिवशी प्रत्येकीने काहीतरी उचललं होतं, कुणी भिंग, कुणी खुर्चीची गादी. सलूहाने शुद्ध स्पिरिटची बाटली आणली होती. बोर्ड पुसायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही: डाग विरघळतो आणि स्वतः उडून जातं.

तिने कॉफीच्या गाळणीचा कागद घडी करून भिजवला आणि घासायला लागली. पेस्ट निघत होती, पण जोर लागत होता. प्रोसेसरच्या भोवती रव्याच्या दाण्याएवढे भाग होते आणि त्यांच्या फटींत पेस्ट घट्ट बसली होती. तिने बाटली तिरकी केली आणि फटींवर सरळ आठ-दहा थेंब सोडले. मग सवयीने मोजायला लागली. कारखान्यात पाचाला थेंब दिसेनासा व्हायचा.

पाच झाले. दहा झाले. थेंब तिथेच होते. गोल, टपोरे, दिव्याखाली चमकणारे.

तिने बोट लावलं. स्पिरिट बोटाला गार लागतं. हे गार लागलं नाही. बाटलीला नाक लावलं; पण तीन दिवस घरात फुलं येत होती, केसांना, भाकरीला, उशीला सगळ्याला तोच वास होता, आणि नाकाला काही सांगता येत नव्हतं. तिने बोट जिभेवर ठेवलं.

"लेल्ला," सलूहा म्हणाली. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "या बाटलीत काय आहे?"

तुर्कियाने बाटलीकडे पाहिलं. मग छताकडे.

"रमजानात कपाटं धुतली तेव्हा... ते दारूसारखं वास मारत होतं. रोज्याच्या महिन्यात घरात कशाला? ओतून टाकलं. बाटली चांगली होती, बूच घट्ट. गेल्या वर्षीचं फुलपाणी भरून ठेवलं. दुसऱ्या धारेचं, काही फार भारी नाही."

"फुलपाणी!" इमना किंचाळली. "प्रोसेसरवर फुलपाणी!"

"ओरडतेस काय? तान्ह्या पोरांच्या डोळ्यांत घालतो आपण ते!"

"डोळ्यांत करंट नसतो, आजी!"

"गप्प बसा दोघी." सलूहाने कागदाचा कोपरा एका थेंबाला टेकवला. थेंब कागदात चढला. दुसरा. तिसरा. चौथा तिच्या डोळ्यांदेखत एका काळ्या चिपच्या खाली सरकला आणि नाहीसा झाला. "इमना, औषधाच्या दुकानात जा. नव्वद टक्क्यांचं स्पिरिट, दोन बाटल्या. एकला बंद होतं. पळ, चपला बदलू नकोस."

इमना गेली. भिंतीवरच्या घड्याळात एकला नऊ मिनिटं कमी होती.

सलूहाने बोर्ड तिरका धरला आणि तसाच धरून राहिली, म्हणजे आत गेलेलं एका कडेला यावं. मनगट दुखायला लागलं. कुसकुसची वाफ झाकणाखालून शीळ घालत होती, तुर्कियाने उठून गॅस बंद केला.

"पोरीची नोकरी मी घालवली," ती गॅसकडे तोंड करूनच म्हणाली. "मुनसिफला सांगशील. सांग. मी नाही म्हणणार नाही."

"बॅटरी काढलेली होती. जळलेलं काही नाही अजून."

"पण मला विचारायला हवं होतं. बाटली तुझी होती."

तेवीस वर्षांत सासूबाई असं काही बोलल्याचं सलूहाला आठवत नव्हतं. एरवी तिने ते वाक्य जपून ठेवलं असतं. आत्ता तिला त्याचं काही करता येत नव्हतं.

इमना आली ती घामाने भिजून. "शटर अर्धं खाली होतं. मी खालून वाकून आत गेले. तो म्हणाला, कुणाला लागलंय का? मी म्हटलं, हो."

सलूहाने खऱ्या स्पिरिटने सगळा भाग धुतला. एकदा, दोनदा, तीनदा. या वेळी पाचापर्यंत मोजलं की थेंब उडत होते. मग इमनाचा केस वाळवायचा पंखा, गरम नाही, गार हवेवर, हाताएवढ्या अंतरावरून. पंधरा मिनिटं. वीस. तिला किमान दोन दिवस हवे होते.

पावणेदोनला तुर्कियाने फोन उचलला. "मुनसिफ? नमाज झाली? येताना ताक आण. हो, आहे घरात, पण आंबट झालंय. आणि लिंबं." फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा उचलला. "आणि हारिसा संपलीय. नाही, त्या कोपऱ्यावरच्याची नको, चटणीत मिरची घालतच नाही मेला. बाजारातल्याची." ठेवताना ती नातीला म्हणाली, "तासभर तरी येत नाही आता."

"आजी, हारिसाचे दोन डबे आहेत फडताळात."

"मला दिसत नाही हल्ली नीट."

नवी पेस्ट सुईविना सिरिंजमध्ये होती. सलूहाने प्रोसेसरवर मसुराएवढी ठेवली, शेजारच्या मोठ्या चिपवर तेवढीच, आणि जुन्या कार्डाच्या कडेने पसरवली, पावाला लोणी लावावं तशी नाही, त्याहून पातळ, खालचं चकचकीत दिसेनासं होईल इतपतच. पट्टी एकदाच, सरळ खाली टेकवली. आता एकपासून सातपर्यंत, प्रत्येकाला अर्धा फेरा, परत एकपासून. मग बॅटरी. मग अकरा स्क्रू, ट्रेमधल्या क्रमाने.

"दाब," ती इमनाला म्हणाली.

इमनाने बटण दाबलं. काही झालं नाही. पडदा काळा. तुर्कियाचे ओठ हलत होते. सलूहा मोजत होती. सात. आठ. इमनाने आईचा दंड धरला. बारा. तेरा.

पडदा उजळला.

पंखे एकदा गुरगुरले आणि खाली बसले. इमनाने तिचं सगळ्यात जड चित्र उघडलं, ज्याच्यावर काल यंत्र चौथ्या मिनिटाला मेलं होतं. पाच मिनिटं. दहा. अडुसष्ट अंश. वीस मिनिटांनी एकाहत्तर. नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता.

"एकाहत्तर!" इमनाने आईला मिठी मारली, मग आजीला, मग पुन्हा आईला. सलूहाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिली.

तीनला मुनसिफ घामाघूम होऊन आला, हातात तीन पिशव्या. "ताक, लिंबं, हारिसा. अख्खा बाजार फिरवलात मला. यंत्र बंद का आहे?"

"चालू आहे, बाबा."

त्याने वाकून कान लावला. सरळ झाला. परत कान लावला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला आणि तो खरा होता. "माझी बायको इंजिनियर! अरे, मी सगळ्या मशिदीला सांगितलं असतं!" तो जेवायला बसला आणि चमचा हातात घेऊन म्हणाला, "चला. रमजीचा विषय संपला. तूनिसचाही. उद्या आमची पोरगी घरात बसून, आपल्या खोलीत, आपल्या माणसांत परीक्षा देईल. काय गं?"

"हो, बाबा," इमना म्हणाली. ती इतकी खूश होती की तिला आता कशासाठीच भांडायचं नव्हतं.

मोठ्या थाळीत कुसकुस, वर भोपळा, चणे आणि मटण. सलूहाने सगळ्यांपुढे मांसाचे तुकडे सारले. तिच्या डोळ्यांपुढे तो चौथा थेंब होता.

एकदा कारखान्यात छताचा पाइप फुटला होता. चाळीस बोर्ड भिजले. नियम असा की भिजलेला माल दोन दिवस गरम कपाटात ठेवायचा, मग तीनदा तपासायचा. पण ट्रक फाटकात उभा होता आणि साहेब पाठीमागे. बोर्ड पुसून टेबलावर लावले तर चाळीसच्या चाळीस चालले. सलूहाने चाळीस वेळा शिक्का मारला. महिन्यात त्यातले एकोणतीस परत आले. टेबलावर नाही, धावत्या गाडीत बंद पडलेले. तिला कुणी काही म्हणालं नाही. साहेबाने तर पाठ थोपटली होती. पण रात्री उठून हात धुवायची सवय तिला तेव्हा लागली आणि ती वर्षभर गेली नाही.

चिपखाली काय राहिलं असेल ते भिंगानेही दिसणार नव्हतं. स्पिरिट तिथे पोचलं असेल. नसेलही. लॅपटॉप महिना चालेल, वर्षं चालेल. किंवा उद्या अकरा वाजता, तो माणूस अर्धा जिना चढलेला असताना, पडदा काळा होईल. आणि मग हे सगळं घर म्हणेल, नशीब.

घड्याळात तीन वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

"आत पाणी गेलंय," सलूहा म्हणाली.

मुनसिफचा चमचा थांबला. "कशात?"

"लॅपटॉपमध्ये. दुपारी."

"चालतोय की! मी आत्ता ऐकला."

"आत्ता चालतोय. भिजलेला माल दोन दिवस वाळल्याशिवाय मी पास करत नाही."

"कुणी घातलं पाणी?"

थाळीच्या पलीकडे तुर्कियाचा घास हातातच राहिला. तिने सुनेकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"माझ्या हातून गेलं," सलूहा म्हणाली. तेवढं तरी खरंच होतं. "बाटली नीट तपासली नाही मी."

"मग रमजीला दाखवू! आत्ताच्या आत्ता!"

"रमजीला ते दिसणार नाही. मलाच दिसत नाही."

"उम्मी," इमना रडवेली झाली, "एकाहत्तर आहे गं! एकाहत्तर! कशाला परत..."

"इमना, हात धू आणि त्यांना लिही. आत्ता. चार वाजायच्या आत त्यांना मिळालं पाहिजे."

"सलूहा." मुनसिफने आवाज चढवला नाही, पोरं जास्त दंगा करायला लागली की तो बस थांबवून असाच हळू बोलायचा. "आपलं यावर बोलणं झालंय. तूनिस नाही."

"तुझं बोलून झालंय. माझं नव्हतं झालं." सलूहाने आपल्या पुढचा मांसाचा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला आणि उठली. "उद्या सकाळी सहाच्या टॅक्सीने इमना आणि मी तूनिसला जातोय. परीक्षा ती ऑफिसात देईल, मी बाहेर बाकावर बसेन. फुलांचा अर्क लेल्ला एकट्या काढतील."